ऑगस्टमधील झांस्कर : पदुम ते निमू नदीप्रवासाचे नियोजन

तळ्यात-मळ्यात :

मंडळी, नमस्कार.

पुण्यातील आम्ही आठ जण पुढील ऑगस्टमध्ये लडाखमधील झांस्कर नदीतून पदुम ते निमू असा प्रवास करण्याच्या विचारात आहोत. सहा जण राफ्टमध्ये बसतील आणि उरलेल्या दोघांना तोच प्रवास आपापल्या कयाकमधून (एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीतून) करायचा आहे. सर्वांनी कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेले आहे. कयाकवाले दोघे तिथेच शिकले असून नियमाने सरावाला जातात. तिघांनी हिवाळ्यात चादर ट्रेक, म्हणजे गोठलेल्या झांस्करवरून चालत जाण्याचा ट्रेक, केलेला असल्यामुळे त्यांना नदीच्या घळीची ओळख आहे.

रजा दहा दिवसांची मिळते आहे. लेहला विमानाने जाणे, तिथून पदुम गाठणे, नदीवरचे पाच-सहा दिवस आणि परतीचे विमान हे सगळे त्यातच बसवायचे आहे. लेहमधील राफ्टिंगच्या दोन व्यावसायिकांनी दर कळवले आहेत. एकाने लेहमध्ये एकच रात्र ठेवली आहे, दुसऱ्याने तीन रात्री, आणि साहजिकच दुसऱ्याचा दर बराच जास्त आहे. दहा दिवसांत हे खरोखर बसते का, आमच्या दोघांनी कयाक घ्यावी का, आणि निमू-पदुम रस्ता झाल्यावर ही नदी 'निर्जन' राहिली आहे का, या तीन प्रश्नांवर जाणकारांचे मत हवे आहे.

वल्हेकरी :

आपण रजेपासून हिशेब मांडायला सुरुवात केली आहे. माझ्या मते तो घळीपासून मांडायला हवा. दोन मुक्कामांच्या मध्ये कोणाचा खांदा निखळला किंवा पाय मोडला, तर त्याला कोणत्या ठिकाणाहून, कोणी आणि किती तासांत बाहेर काढायचे, याचे उत्तर मिळाले की किती माणसे, किती राफ्ट आणि किती दिवस लागतील हे त्यातूनच ठरत जाते.

नदीविषयी थोडे सविस्तर लिहितो. दोडा आणि लुंगनाक हे दोन प्रवाह पदुमजवळ एकत्र येतात आणि झांस्कर सुरू होते. लुंगनाकला वरच्या भागात त्सारप म्हणतात. पदुम सुमारे 3,600 मीटर उंचीवर आहे आणि झांस्कर जिथे सिंधूला मिळते ते निमू सुमारे 3,150 मीटरवर. मधल्या नदीला पाणी येते ते बर्फ आणि हिमनद्या वितळून. म्हणूनच पावसाळी पुरामुळे ऋषिकेशला गंगेवरचे राफ्टिंग बंद असते, त्याच सुमारास लडाखमधला हंगाम ऐन भरात असतो. जुलैमध्ये पाणी सर्वात मोठे असते आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात ते उतरू लागते. तुमच्या गटाचा अनुभव पाहता मी ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे निवडेन. पाणी थोडे कमी झाले की रॅपिडमधले, म्हणजे खडकांवरून खवळून वाहणाऱ्या पाण्यातले, खडक स्पष्ट होतात आणि राफ्ट किनाऱ्याला लावायला जागाही मिळते.

पदुमपासून करशा, झांगला, पिदमो या गावांवरून जाणारा सुरुवातीचा टप्पा उघड्या खोऱ्यातला आणि सौम्य आहे. तिथे सगळ्यांचे हात बसतात आणि मग त्या सौम्यपणाचीच सवय लागते, हा त्यातला धोका. पुढे घळ सुरू होते. न्येरकच्या आसपास आणि त्याच्या पुढे कडे जवळ येतात, पाणी एकवटते आणि रॅपिड बहुतेक तिसऱ्या श्रेणीचे असले तरी पाणी जास्त असताना काही चौथ्या श्रेणीत जातात. चिलिंगला घळीतला अवघड भाग संपतो. चिलिंग ते निमू हा सुमारे 28 किलोमीटरचा टप्पा लेहचे पर्यटक एका दिवसात करतात.

कोलाडची तुलना करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. कुंडलिकेचे पाणी मुळशी धरणातून भिरा वीजगृहामार्गे येते. ते ठरावीक वेळी सोडले जाते, अंगाला सोसते, आणि काही तासांत तुम्ही काठावरच्या टपरीवर चहा घेत असता. तिसरी श्रेणी तिथेही आहे आणि झांस्करवरही आहे. श्रेणी पाण्याची अवघडता सांगते. उलटल्यानंतर पुढे काय होईल, हे त्या आकड्यात धरलेले नसते.

चादर केलेल्या तिघांनाही हेच सांगेन. जानेवारीत ज्या बर्फावरून तुम्ही चाललात, त्याच्या पुष्कळ वर ऑगस्टचे पाणी असते. मुक्कामाच्या गुहा आणि न्येरकचा गोठलेला धबधबा आठवत असेल, पण काठावरच्या ज्या कडा पायवाट म्हणून वापरल्या, त्यांतल्या बऱ्याच उन्हाळ्यात पाण्याखाली असतात.

दगडधोंडे :

रस्त्याबद्दल लिहितो, कारण स्थापत्य अभियंता म्हणून तो माझ्या आवडीचा विषय आहे.

निमू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा मार्ग सीमा रस्ते संघटनेने मार्च 2024 मध्ये जोडून पूर्ण केला. त्यापूर्वी राफ्टिंगचे गट लेहहून कारगिल आणि पेन्सी ला या खिंडीमार्गे दोन दिवसांनी पदुमला पोहोचत. आता चिलिंगवरून थेट जाता येते, परंतु रस्ता नवा आहे, दरडी कोसळतात आणि कामासाठी वाहतूक तासन्‌तास थांबवली जाते. जाताना एक दिवस पुरेल असे गृहीत धरून पुढचा दिवस बांधून टाकू नये.

निर्जनतेबद्दलचा तुमचा प्रश्न रास्त आहे. चार दिवस कोणत्याही मोटारीचा आवाज न येणारी घळ म्हणून ज्यांनी झांस्कर पाहिली, त्यांना कड्यात कोरलेला रस्ता खुपतोच, आणि मलाही खुपतो. मात्र ज्या गावांतून आजारी माणसाला हिवाळ्यात चादरीवरून न्यावे लागत असे, त्यांच्यासमोर ही तक्रार फार ताणता येत नाही.

नियोजनाच्या दृष्टीने दोन मुद्दे. पहिला, रस्ता कापताना निघालेला दगड उतारावरून खाली नदीकडे येतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची रॅपिडची वर्णने वाचून एखाद्या वळणावरची वाट ठरवू नका. त्याच हंगामात ती घळ उतरलेल्या गाईडचा शब्द प्रमाण माना. दुसरा, रस्ता दिसतो म्हणजे तिथे चढून जाता येते असे नाही. काही ठिकाणी तो नदीपासून खूप उंचावर आहे आणि मधला उतार सुट्या खडीचा आहे. त्यावर धडधाकट माणूस एक पाऊल वर टाकून अर्धे पाऊल खाली येतो, मग स्ट्रेचर नेणे दूरच. पदुमला याच मार्गाने गेलात, तर खिडकीजवळ बसून वही घ्या. रस्ता कोणत्या काठावर आहे, पूल कुठे आहेत, पाण्यापर्यंत उतरणारी वाट कुठे आहे आणि जवळच्या दगडावर कोणता किलोमीटर लिहिला आहे, एवढे टिपा. वल्हेकरींनी विचारलेल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या वहीत मिळेल.

स्टेथोस्कोप :

लेहमध्ये एक रात्र ठेवणाऱ्याचा कार्यक्रम वैद्यकीयदृष्ट्या मला मान्य होण्यासारखा नाही. पुणे साधारण 560 मीटरवर आहे आणि लेह 3,500 मीटरवर. विमानाने काही तासांत एवढी उंची गाठल्यावर पहिले 48 तास विश्रांतीचे धरावेत, म्हणजे बाजारात रमतगमत फिरण्यापलीकडे काही करू नये. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे आहेत. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे, सतत खोकला, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास ते गंभीर समजून तात्काळ रुग्णालय गाठावे आणि उंची कमी करावी. पदुमची उंचीही लेहइतकीच असल्यामुळे तिथे गेल्यावर उंची उतरण्याचा लाभ मिळत नाही, आणि कारगिलमार्गे जाताना पेन्सी ला सुमारे 4,400 मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी अॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर ते आवर्जून सांगावे.

दुसरा विषय थंड पाण्याचा. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात माणूस नकळत धापा टाकतो, आणि त्याच वेळी डोक्यावरून लाट गेली तर पाणी छातीत जाते. पुढच्या सुमारे दहा मिनिटांत बोटांतले बळ जाते आणि फेकलेला दोर हातात येऊनही धरवत नाही. शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरायला त्याहून बराच वेळ लागतो, पण खवळलेल्या नदीत तोपर्यंत थांबायला कोण सापडते? म्हणून पडलेल्याला पहिल्या काही मिनिटांत उचलणे हेच खरे, आणि राफ्टसोबत चालणारी सुरक्षा-कयाक त्यासाठीच असते.

वल्हेकरी :

डॉक्टरसाहेबांनी कयाकचा विषय आपणहून आणून दिला आहे.

कयाकवाल्या दोघांसाठी थोडे परखड लिहितो, राग नसावा. कोलाडला रोल येणे (उलटलेली कयाक आत बसूनच पुन्हा सरळ करणे) आणि झांस्करवर रोल येणे यांत अंतर आहे. इथले पाणी गाळाने राखाडी झालेले असते, उलटल्यावर डोळे उघडूनही काही दिसत नाही आणि थंडीने कपाळात कळ जाते. पहिल्या प्रयत्नात रोल चुकला तर दुसऱ्या प्रयत्नापर्यंत डोके थाऱ्यावर ठेवावे लागते. नाहीतर हात आपसूक स्प्रे स्कर्टच्या (कयाकचे तोंड झाकणाऱ्या आवरणाच्या) पट्ट्याकडे जातो आणि माणूस बाहेर पडतो. मग एक पोहणारा, एक रिकामी कयाक आणि एक सुटलेले पॅडल असे तीन जिन्नस तीन दिशांना पळतात, आणि सुरक्षा-कयाकवाला एकटा असतो. त्याने माणसाला धरायचे हे ठरलेले असले, तरी पुढचे दोन दिवस कयाकशिवाय काढायचे आहेत हेही तेव्हाच ठरून जाते.

निर्णय घरबसल्या करू नका. लेहची विश्रांती संपल्यावर एक दिवस सिंधूवर फे ते निमू हा सोपा टप्पा करा आणि दुसऱ्या दिवशी चिलिंग ते निमू. या दुसऱ्या दिवशी गाईडच्या देखरेखीखाली, एडीतून (काठाजवळच्या किंवा खडकामागच्या संथ पाण्यातून) बाहेर पडताना मुद्दाम उलटून दोन्ही बाजूंनी रोल करून दाखवा. तो सहज जमला तर पदुमहून कयाक घ्या आणि घळीतल्या मोठ्या रॅपिडच्या आधी ती राफ्टवर बांधायची तयारीही ठेवा. जमला नाही तर राफ्टमध्ये बसा. त्यात कमीपणा काही नाही. पॅडल मारणारे दोन चांगले हात राफ्टला नेहमीच हवे असतात. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, नसेल, तर मात्र कयाकचा विषय तिथेच संपला असे समजा.

व्यावसायिकाला विचारायचे प्रश्नही लिहून ठेवा आणि उत्तरे लेखी मागवा. सामानाची राफ्ट वेगळी आहे का? प्रवाशांची एकच राफ्ट असेल तर ती उलटल्यावर मदतीला कोण येणार? सुरक्षा-कयाक किती, आणि ते चालवणारे घळ आधी उतरलेले आहेत का? दुरुस्तीचे साहित्य, पंप आणि जादा पॅडल एकाच राफ्टवर तर नाहीत ना? माझ्या परिचयातल्या एका गटाला पदुमला पोहोचल्यावर सांगण्यात आले की ठरलेला सुरक्षा-कयाकवाला दुसऱ्या गटाबरोबर गेला आहे. करारात त्याचा उल्लेख नसल्यामुळे त्यांना हुज्जत घालण्यापलीकडे काही करता आले नाही.

नर्मदेहर :

मी व्यवस्थापनाच्या बाजूने भर घालते, कारण आमच्या गटात ते काम माझ्याकडे असते.

पाणी हा तिथला सर्वांत कटकटीचा विषय आहे. नदीच्या पाण्यात दगडाच्या पिठासारखा बारीक गाळ असतो आणि पाणी थेट गाळणीत ओतले तर ती त्याच दिवशी तुंबते. मुक्कामाजवळ स्वच्छ ओढा असेल तर तिथूनच पाणी भरावे. नसेल तर बादलीत तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्यावे, वरचे पाणी अलगद काढून घ्यावे आणि मग गाळावे किंवा उकळावे. 3,600 मीटरवर पाणी सुमारे 88 अंशांवरच उकळते. ते प्यायला चालते, मात्र त्यात तूरडाळ शिजत नाही. प्रेशर कुकर नसलेल्या स्वयंपाक्याच्या हातची वरण म्हणून आलेली डाळ आम्ही चावून खाल्ली आहे. तुम्ही स्वतःचे म्हणून भाजणी, मेतकूट आणि गूळ-शेंगदाणे न्या. ओल्या अंगाने मुक्कामाला पोहोचल्यावर गरम पिठले मिळाले की रुसलेला गटही बोलू लागतो.

घळीतल्या वाळूच्या पट्ट्या मोजक्या आहेत आणि हंगामातला प्रत्येक गट त्यांवरच उतरतो. शौचासाठी झाकणाचा डबा असलेली सोय व्यावसायिक देतो का आणि तो मैला परत आणतो का, हे जरूर विचारा. 'आम्ही खड्डा खणतो' असे उत्तर आले तर पाणी वाढल्यावर त्या पट्टीचे काय होते, हेही विचारा.

दूरध्वनीबाबत दोन गोष्टी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, त्यामुळे निदान दोघांकडे पोस्टपेड असावे. घळीत अर्थातच तेही निरुपयोगी आहे. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी परदेशी उपकरणे आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यासाठी लोकांना अडवले गेले आहे. कोणा नातेवाइकाने परदेशातून प्रेमाने पाठवलेले असे यंत्र पिशवीत टाकू नका. त्याऐवजी लेहमध्ये आणि पुण्यात एकेक माणूस नेमा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपर्यंत तुमचा फोन आला नाही, तर त्यांनी कोणाला कळवायचे हे लिहून द्या.

विम्याची कागदपत्रे रात्री जागून वाचा. अनेक प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात आणि काहींत उंचीची मर्यादाही असते.

तळ्यात-मळ्यात :

सर्वांचे आभार. दोन शंका आहेत. नदीचे पाणी बर्फ वितळल्यामुळे दुपारनंतर वाढते असे वाचले. मग पहाटे लवकर निघून दुपारी थांबायचे, एवढा साधा नियम पुरेसा आहे का? आणि ढगफुटीची भीती कितपत धरावी?

वल्हेकरी :

लवकर निघणे योग्यच, पण त्याचे मुख्य कारण वारा. दुपारनंतर घळीतून प्रवाहाच्या उलट दिशेने असा वारा येतो की सपाट पाण्यात सहा माणसे पॅडल मारूनही राफ्ट जागची हलत नाही.

पाण्याच्या वाढीचा हिशेब मात्र घड्याळाप्रमाणे लावता येत नाही. दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी हिमनदीपासून तुमच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तुम्ही जितके खाली तितका तो वेळ वाढतो. पदुमला संध्याकाळी वाढणारे पाणी घळीत रात्री किंवा पहाटेही वाढू शकते. म्हणून मुक्कामाला पोहोचताच पाण्याच्या कडेला काठी रोवा किंवा दगड रचा, झोपण्यापूर्वी पुन्हा पाहा, आणि राफ्ट रिकाम्या असल्या तरी वर ओढून बांधा. सकाळी खुणेवरून पाणी किती चढले ते पाहूनच त्या दिवशीचे रॅपिड ठरवावेत.

ढगफुटी तिथे क्वचित होते, पण होते तेव्हा उघड्या डोंगरांवरून सगळेच खाली येते. 5 आणि 6 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहमध्ये झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक माणसे गेली. झांस्करच्या वरच्या खोऱ्यात वेगळाच प्रकार घडला. 31 डिसेंबर 2014 रोजी फुगतालजवळ दरड कोसळून त्सारप अडली, मागे सरोवर साचले आणि 7 मे 2015 रोजी तो बांध फुटून खालचे अनेक पूल वाहून गेले. तुम्ही निघण्याआधीच्या आठवड्यात दोडा आणि लुंगनाक या दोन्ही खोऱ्यांत पाऊस, दरड किंवा अडलेला ओढा अशी काही बातमी आहे का, हे पदुममध्ये विचारा. घळीत असताना पाण्याचा रंग अचानक गडद झाला, त्यात काटक्या-कचरा येऊ लागला किंवा पाणी कारणाविना उतरले, तर राफ्ट किनाऱ्याला लावून आधी उंच जागा गाठा. तंबू नेहमी ओढ्याच्या तोंडापासून बाजूला लावावेत. सपाट आणि मऊ जागा तिथेच मिळते, कारण ती ओढ्यानेच आणून टाकलेली असते.

तळ्यात-मळ्यात :

गटाची बैठक झाली. सर्व मते वाचून दाखवली आणि कार्यक्रम असा बदलला आहे. रजा चौदा दिवसांची मागितली असून दोघांना ती मिळणार नाही, म्हणून आता सहा जण जाऊ. लेहला तीन रात्री, त्यानंतर सिंधूवर फे ते निमू, दुसऱ्या दिवशी चिलिंग ते निमू आणि कयाकचा निर्णय त्याच संध्याकाळी. पदुमला चिलिंगच्या रस्त्याने वही घेऊन जायचे, तिथे एक दिवस हातचा ठेवायचा, नदीवर सहा दिवस, आणि निमूनंतर विमानापूर्वी आणखी एक दिवस मोकळा. व्यावसायिक तीन रात्रीवालाच निवडला असून त्याने दोन सुरक्षा-कयाक आणि सामानाची स्वतंत्र राफ्ट लेखी दिली आहे. आता एकच अडचण उरली आहे. पदुमला पोहोचल्यावर पाणी फार मोठे निघाले आणि गाईडने नको म्हटले, तर पैसे परत मिळणार नाहीत असे त्याच्या अटींत आहे. हे मान्य करावे का?

नर्मदेहर :

आहे तशी अट मान्य करू नका, पण पूर्ण परताव्याचाही आग्रह धरू नका. राफ्ट, माणसे आणि वाहने पदुमला पोहोचलेली असतात, तो खर्च त्याचा झालेलाच असतो. आम्ही असे लिहून घेतले होते की गाईडने नदी नाकारली तर त्याच रकमेत चिलिंग ते निमू आणि सिंधूवरचे टप्पे करून द्यायचे, आणि न वापरलेल्या मुक्कामांचे पैसे परत करायचे. यात गाईडला 'नको' म्हणताना मालकाच्या खिशाचा विचार करावा लागत नाही.

दगडधोंडे :

त्यात एक वाक्य वाढवा : रस्ता बंद असल्यामुळे पदुमला पोहोचायला उशीर झाला, तर नदीवरचा दिवस कमी करून सलग दोन टप्पे एकाच दिवशी उरकायचे नाहीत. उशीर भरून काढण्याची घाई सहसा घळीच्या तोंडाशीच सुरू होते. तुमचा हातचा दिवस पदुममध्येच आहे, तो तिथेच वापरा.